दत्तूअण्णांनी मिळवलेला ताबा

आमचे घरमालक दत्तूअण्णा भाडेकरणीवर दावा लावत आणि तारखेला तिला स्वतःसाठी केलेल्या टांग्यातूनच कोर्टात नेत. "कायदा कायद्याच्या जागी. पण म्हातारं माणूस उन्हात चालत कसं जाणार?" असं वर आम्हालाच विचारत.

अण्णा नगरच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यामुळे उरलंसुरलं सगळं वात्सल्य त्यांनी नोटिशींवर उधळलं होतं. मी शाळामास्तर, माडीवर राहायचो. भिंतीत खिळा ठोकला, की संध्याकाळी नोटीस: 'लेखी परवानगीशिवाय भिंतीस इजा'. कौलं गळतात म्हटलं, तर म्हणाले, "दुरुस्ती मालकाकडे, कबूल. पण मोठी दुरुस्ती. ही गळती किरकोळ आहे. घमेलं ठेवा." घमेलं ठेवलं. त्याचा जमिनीवर डाग पडला म्हणून दुसरी नोटीस.

खरा दावा मात्र रूथबाईंवर. मिशनच्या शाळेत शिकवून थकलेल्या या विधवा बाई खाली, अण्णांच्या भिंतीला लागून एका खोलीत राहत. ती खोली अण्णांना 'स्वतःच्या वापरासाठी' हवी होती. महायुद्धाच्या दिवसांत भाडेकायद्यामुळे भाडेकरूला सहजी काढता येत नसे. न्यायाधीशांनी विचारलं, "एकट्या माणसाला तीन खोल्या असताना चौथी कशाला?"

"विचार करायला," अण्णा म्हणाले.

दावा फेटाळला गेला. अण्णांनी लगेच अपील केलं आणि टांगेवाल्याला पुढची तारीख सांगून ठेवली.

मग एके दिवशी बाईंनीच खोली सोडण्याची नोटीस दिली. गुडघे धरले होते, बेलापूरच्या लेकीनं बोलावलं होतं. अण्णांनी कागद उलटासुलटा पाहिला.

"चालणार नाही. मुदत महिनाअखेरीला संपायला हवी. तुम्ही मध्येच बारा तारीख घातलीय."

बाईंनी तारीख बदलली.

"सही पेन्सिलीची आहे."

शाईची सही झाली.

"साक्षीदार?"

साक्षीदार मी झालो.

"अण्णा, तुम्हाला खोली हवी हुती ना?" बाई म्हणाल्या. "मग घ्या की आता."

अण्णांना कुठलंच कलम आठवेना.

महिनाअखेरीस बाई गाडीनं बेलापूरला गेल्या. अण्णा किल्ली घेऊन रिकाम्या खोलीत उभे होते. मी खोचकपणे म्हटलं, "अभिनंदन! वापर सुरू?"

"मास्तर," ते म्हणाले, "पहाटे बाई प्रार्थना म्हणायच्या. भिंतीतून ऐकू यायची. आमची ही गेल्यापासून घरात माणसाचा आवाज तेवढाच होता."

त्यांनी किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "तुम्ही मुलांच्या वह्या मनात वाचता, नाही? जरा मोठ्यानं वाचत जा."

त्या संध्याकाळी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन खालीच उतरलो.