हजाराच्या आतलं गाव

गावात बाळ जन्मलं की सगळे पेढे खातात. आमचे नथूकाका मात्र पेढा हातात धरून कपाळाला आठ्या घालतात. "झाला घोटाला! अजून एक वाढला."

निडी स्टेशनापासून आत असलेल्या आमच्या गावात काकांचं एकुलतं एक दुकान. साबण, कांदे, काडेपेट्या, आणि वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा. त्यात डोकेदुखीच्या गोळ्या, बाम, खोकल्याचं औषध. हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यात असली घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात, असं कुणीतरी काकांच्या कानावर घातलं. तेव्हापासून ते गावाची माणसं मोजतात. सासरी गेलेली मुलगी वजा, आलेली सून जमा. तुळसाआजी वारली तेव्हा तिरडीपाशीच त्यांच्या तोंडून "एक कमी" निघून गेलं. मग बिचारे स्वतःच ओशाळून रडले.

मी रोह्याला मास्तर, म्हणून कायदा मला ठाऊक असणार ही काकांची समजूत. मी चौकशीही केली. मेडिकलवाला म्हणाला, खोकल्याच्या औषधाचे नियम बदलतायत, त्याचं आता काही खरं नाही. ग्रामसेवक म्हणाले, जनगणनेचा आकडा धरा. ओळखीच्या वकिलांनी तर मलाच विचारलं, शेजारची वाडी गावात धरायची की नाही? गेलो होतो त्याहून जास्त गोंधळून परतलो.

"मास्तर, म्हंजे विकायचं का नाय?"



तेवढ्यात शेजारच्या सुनेला जुळं झालं. "नऊशे अठ्ठ्यान्नव," काका पुटपुटले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खा डबा माझ्या हातात ठेवला. "रोह्याच्या मेडिकलात परत द्या."

"अहो काका, अजून दोन जागा शिल्लक आहेत की!"

"आमचा सुरेश, सून आन नात. तिघं हायत. ती आली की हजारावर एक व्हतंय. घरच्या मानसापायी कायदा मोडायचा नाय."

सुरेश आखातात नोकरीला. सहा वर्षांत एकदाही आलेला नाही. नातीला काकांनी फक्त फोनवर पाहिलंय.

"येतो म्हणालाय का?"

"नाय. पन जागा ठेवाया नको?"

मी डबा पिशवीत घातला आणि निघालो.

आता कुणाचं डोकं दुखलं तर नागोठण्याला जावं लागतं. पण गावात काकांना कुणी एका शब्दानेही दोष देत नाही.