बँडवाल्यांना नम्र विनंती

मंचरजवळच्या एका मंगल कार्यालयात, वैशाखातल्या एका दाट लग्नतिथीला, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी भिमाजीने घोडकाठ ब्रास बँड सोडला. सोडला म्हणजे तोंडातली क्लॅरोनेट काढली, फडक्याने पुसली, पिशवीत घातली, बँडचा लाल कोट घडी करून ढोलावर ठेवला आणि तो मांडवाबाहेर निघून गेला. त्या वेळी माइक माझ्या हातात होता. या घटनेला मीच जबाबदार असल्याची चर्चा तालुक्यात सुरू असल्यामुळे वस्तुस्थिती मांडणे मला भाग आहे.

मी दादाभाऊ, सेवानिवृत्त शिक्षक आणि सूत्रसंचालक. आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत माझ्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. माझ्यामुळे तो संपत नाही, असे काही मत्सरी लोक म्हणतात. आमच्याकडे पत्रिकेत लग्नाची वेळ साडेबारा असते. साडेबाराला मान्यवर यायला लागतात. आलेल्या प्रत्येकाला शाल, श्रीफळ द्यायचे, त्याने वधूवरांना शुभाशीर्वाद द्यायचे, आणि नेमका तेव्हा बँड वाजत असेल तर मी म्हणायचे, "बँडवाल्यांना नम्र विनंती, कृपया वाद्ये थांबवा." हे वाक्य मी बावीस वर्षे म्हणत आहे. त्यातला 'नम्र' हा शब्द माझा स्वतःचा आहे.

त्या दिवशी यादीत एकशे त्रेचाळीस सत्कार होते. भिमाजीने चाल धरली की फाटकातून कोणीतरी पांढरे कपडे आत येत आणि मला विनंती करावी लागे. नवव्या विनंतीला तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महाळुंगे पडवळला त्याच्या घरी गेलो. तो साठवणीच्या बराखीपुढे बसून कांदे निवडत होता. त्याची बायको साळुबाई चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, बसा, पन ह्यांना काय बोलू नका. कालपासनं नासका कांदा आन् चांगला कांदा एकाच पाटीत टाकत्यात."

"काय झालं भिमाजी?" मी विचारले.

"काय व्हनार गुरुजी. माझ्या बापानं एक चाल बसवली व्हती, अकरा मिनटांची. पयली सहा मिनटं नुसती मशागत हाय. सातव्या मिनटाला ती उगवती. बावीस वर्सं झाली, चौथ्या मिनटाच्या फुडं मला कुनी जाऊ दिलं न्हाई. बाप गेला. आता ते सातवं मिनिट खरंच तेवढं चांगलं हाय का मलाच वाटतं, ह्येबी कळंना झालंय."

"मी ऐकलीय की," साळुबाई म्हणाली. "चांगली हाय."

"बायकुचं सर्टिफिकीट चालत न्हाई," भिमाजी म्हणाला. "मला हार नको, नारळ नको. चार परक्या मान्सांनी सातव्या मिनटापत्तोर जाग्यावर बसावं, बास."

मागणी अवास्तव होती. पण चहा घेतलेला असल्यामुळे मी तसे बोललो नाही.

पुढचे दोन महिने त्याने संगीतातल्या नव्या संधी शोधल्या. आधी तो गावातल्या भजनी मंडळात गेला. मंडळात नऊ जण होते. त्यांपैकी एक अध्यक्ष, एक कार्याध्यक्ष, तीन उपाध्यक्ष आणि बाकीचे सल्लागार असल्यामुळे टाळ धरायला साधा सदस्य उरला नव्हता. भिमाजीचा अनुभव पाहून त्यांनी त्याला एकमताने मार्गदर्शक केले. मार्गदर्शकाने स्वतः वाजवायचे नसते, हे त्याला नंतर कळले.

मग त्याने जुन्नरकडच्या शौर्य नावाच्या एका डीजेवाल्याकडे काम धरले. शौर्यने त्याला भिंतीएवढ्या स्पीकरपुढे उभे केले. "काका, वाद्य तोंडाला लावून फकस्त गाल फुगवायचे. लोकांना लाइव्ह वाटतंय. फुकायचं मात्र नाय." भिमाजीने दोन मिरवणुकांत गाल फुगवले. तिसऱ्या मिरवणुकीत त्याने न राहवून सगळी अकरा मिनिटे फुंकून काढली. त्याची चाल त्यालाही ऐकू आली नाही.

शेवटी मलाच त्याची दया आली. सत्कारात एक अडचणीची जागा असते. शाल अंगावर पडते, मान्यवर कॅमेऱ्याकडे बघतो, कॅमेरावाला "एक मिनिट, शेठ" म्हणतो, आणि चार सेकंद मांडवात अशी शांतता पसरते की वऱ्हाडाला आपण उपाशी असल्याची आठवण होते. ही पोकळी भरण्यासाठी मी भिमाजीची योजना केली.

"चार सेकंद?" तो म्हणाला.

"पण पुरी चार. मधे कोणी थांबवणार नाही. आणि सगळे सत्कार आटोपले की शेवटी तुझी चाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी स्वतः माइकवर जाहीर करीन."

मी हे अगदी मनापासून बोललो. सत्कार आटोपलेले मी स्वतः कधी पाहिलेले नाहीत, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही.

सत्कार-धून लोकांना फार आवडली. शाल पडली की क्लॅरोनेट चढायची आणि मान्यवराची मान आपोआप ताठ व्हायची. पहिला महिना सुरळीत गेला. मग एका वास्तुशांतीला दूध डेअरीच्या संचालकाची शाल घड्याळात अडकली आणि ती सोडवेपर्यंत भिमाजी सहा सेकंद वाजवत राहिला. एका माजी सरपंचांनी जेवणावरून उठून माझी गचांडी धरली. "मला चार आन् त्याला सहा? मी गावाला पानी आणलं व्हतं, त्यानं दुधात आणलं."

प्रश्न गंभीर होता. त्यामुळे 'धूनमान निर्धारण समिती' स्थापन झाली आणि सचिवपद माझ्याकडे आले. समितीने चार बैठका घेऊन तक्ता केला. ग्रामपंचायत सदस्याला तीन सेकंद, सरपंचाला पाच, माजी सरपंचाला साडेचार. भावी सरपंचाला मात्र सात सेकंद द्यावे लागले, कारण भावी लोक संख्येने जास्त होते आणि मांडवाचे फ्लेक्सही त्यांचेच होते. वेळ मोजायला शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांना स्टॉपवॉचसह पाचारण करण्यात आले.

तरी तक्रारी आल्या. भरत नावाचा एक भावी सरपंच लेखी अर्ज घेऊनच आला. "दादाभाऊ सर, माझ्या धुनीत ह्यानं पाचव्या सेकंदाला दम घेतला. इरोधक लई हसले. आमच्याच टायमाला बरा ह्याचा दम संपतोय."

"भरतशेठ, मानूस हाये मी," भिमाजी म्हणाला.

"त्ये मान्य हाय. पन श्वास घ्यायला बाकीचे पडलेत की."

समितीने अर्ज मंजूर केला. यापुढे वादकाने श्वास फक्त 'माजी' या प्रवर्गात घ्यावा, असा ठराव झाला. तेव्हापासून मी यादी करताना दर दोन भावींमागे एक माजी घालू लागलो. भिमाजीचे तोंड निळे पडू लागले की मी एखादा माजी अलीकडे ओढून घेत असे. माझ्यावर निर्दयपणाचा आरोप करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पुढचे सगळे ओघानेच आले. सात सेकंद प्रत्येकाला हवे होते आणि भावी व्हायला कुठलाच दाखला लागत नाही. मार्गशीर्षात निरगुडसरच्या एका लग्नात चारशे अकरा सत्कार झाले. मामा लोक भावी चेअरमन होते, वाढपी भावी उपसरपंच होते, आचाऱ्याने झारा खाली ठेवून भावी संचालक म्हणून शाल घेतली. पावणेपाचला मी स्टेजवरून खाली पाहिले तर खुर्च्या रिकाम्या होत्या. सगळा मांडव स्टेजवर चढला होता. खाली फक्त नवरा-नवरी हारतुरे धरून उभे होते, कारण नजरचुकीने त्यांची नावे यादीत राहून गेली होती. मी चूक तत्काळ सुधारली. "उपस्थित वधूवरांनी कृपया व्यासपीठावर यावे" असे म्हणून दोघांना शाल, श्रीफळ दिले आणि पद नसल्यामुळे तीन-तीन सेकंद वाजवायला लावले.

नवरी संस्कृती माझीच विद्यार्थिनी. तिने विचारले, "सर, मंग आता लगीन लागलं का?"

समितीने सांगितले की हा विषय समितीच्या अखत्यारीत येत नाही.

पण सत्कार आटोपले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा यादी संपली होती. भिमाजी माझ्याकडे बघत होता. मी शब्दाला जागलो. "आता भिमाजी आपली अकरा मिनिटांची चाल सादर करतील," मी माइकवर म्हणालो. "तत्पूर्वी एक सूचना. भोजनाची व्यवस्था उजव्या बाजूला केलेली आहे."

मी पाण्याचा घोट घेऊन मागे वळलो तेव्हा स्टेजवर मी आणि चारशे अकरा नारळांच्या पिशव्या होतो. खाली भिमाजी क्लॅरोनेट पुसत होता.

त्यानंतर पाच कार्यक्रम धुनीशिवाय झाले. भावींमध्ये असंतोष पसरला. भिमाजीचा फोन लागेना. साळुबाई म्हणाली, "आहुप्याला गेलेत. सावळेरामाच्या पोरीचं, नूतनचं लगीन हाय." सावळेराम दर वर्षी कांदे काढायला त्यांच्याकडे डोंगरातून खाली येत असे. समितीने भिमाजीला परत आणण्याचा ठराव करून मला पाठवले. डिंभ्याच्या पुढे मोबाइलची एकेक रेघ कमी होत गेली आणि आहुप्यात पोहोचलो तेव्हा एकही उरली नव्हती.

लग्न होऊन गेले होते. वेळ बाराची होती आणि ते बाराला लागले होते. मला वाटले, काहीतरी अशुभ घडले असावे.

"मान्यवर कोणी नाही आले?" मी सावळेरामला विचारले.

"न्हाई पावणं. हितं रेंज न्हाई. फोटू टाकता येत न्हाई, म्हून कोनी येत न्हाई," तो म्हणाला. त्याला याचे वाईट वाटत होते.

जेवणे झाल्यावर देवराईच्या कडेला सावलीत तीस-चाळीस माणसे बसली आणि भिमाजीने चाल धरली. समितीला पुरावा दाखवायचा म्हणून मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केले. चाल हळू होती. तीन मिनिटे झाली, चार झाली. कोणी उठले नाही. सहावे मिनिट संपत आले आणि तेवढ्यात कुंपणातून काहीतरी पांढरे आत आले. मी ताडकन उभा राहिलो. "बँडवाल्यांना नम्र विनंती," मी म्हणालो.

सावळेरामची आई लंकाबाई पुढेच बसली होती. तिने मागे वळून पाहिले. "खाली बस रं बाबा. वासरू हाय त्ये."

मी खाली बसलो आणि सातवे मिनिट आले.

मी चौतीस वर्षे शिकवले आणि बावीस वर्षे माइकवर बोललो, पण त्या मिनिटाबद्दल मला काही बोलता येत नाही. मला लाज वाटली. हा माणूस हे पोटात घेऊन आमच्या पुढ्यात उभा होता आणि मी त्याला श्वास कुठे घ्यायचा ते सांगत होतो. मग चाल आणखी वर गेली आणि लाजेचेही भान राहिले नाही. माझे डोळे भरून आले होते.

संपल्यावर टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लंकाबाई म्हणाली, "आता पयल्यापासनं वाजव. कुठं चाललाय त्ये आत्ता कळलं."

भिमाजीने परत वाजवली. मग तिसऱ्यांदा. निघताना मी ठरावाचा कागद खिशातच ठेवला. तो म्हणाला, "मी एवढ्यात खाली येत न्हाई गुरुजी. घरटी बोलावनं आलंय. साळूला म्हनावं, तूबी ये. आन् चार नव्हं, चाळीस परकी मान्सं सातव्याला बसलेली, त्येबी सांगा."

डिंभ्याला रेंज आल्या आल्या मी रेकॉर्डिंग 'सातवे मिनिट जरूर ऐका' असे लिहून अकरा ग्रुपांवर पाठवले. चौथ्या सेकंदाला पहिला अंगठा आला. मिनिटभरात चारशे बारा. भरतशेठने लिहिले, "सातवे मिनिट काळजाला भिडले." ते लोकांना इतके आवडले की आणखी दोनशे जणांनी तेच लिहिले. समितीने भिमाजीचा भव्य सत्कार ठरवला. सत्कारमूर्ती आले नाहीत म्हणून त्यांच्या वतीने शाल मी स्वीकारली. मानपत्रात सातव्या मिनिटाचा गौरव दोन ठिकाणी होता.

घरी येऊन मी रेकॉर्डिंग लावले. ते पाच मिनिटे बावन्न सेकंदांचे निघाले. विनंती करायला उभा राहिलो तेव्हा अंगठा लागून ते बंद पडले होते. सातवे मिनिट त्यात नाहीच. पुढचे कुठे आहे, असे आजतागायत कोणी विचारलेले नाही.

हा खुलासाही मी सगळ्या ग्रुपांवर पाठवला आहे. अंगठे येत आहेत. आपलाही पोहोचला, आभारी आहे. वाचायला वेळ झाला नसेल तर संकोच करू नये, आमच्याकडे शेवटी येणाऱ्याचा मान मोठा असतो. सत्काराच्या यादीत घालण्यासाठी आपले नाव आणि पद तेवढे कळवावे. पद नसल्यास 'भावी वाचक' असे लिहितो.