उकंडरावांचं दुखणं

उकंडरावांना कसलाही आजार नव्हता, पण हिंगणघाटच्या आमच्या मोहल्ल्यात त्यांच्याइतकं मोठ्यानं कोणी कण्हत नसे.

मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. त्यांच्या घराला लागूनच मी खोली घेतली होती, मधे एक कुडाची भिंत. पहिल्याच सकाळी पलीकडून आवाज आला, ‘मेलो रे बाप्पा, मेलो!’ मी तोंडात राखुंडी तशीच ठेवून धावले. पाहते तर अंगणात बाजेवर सहा फुटांचा, झुपकेदार मिशांचा एक गृहस्थ बसलेला. हातात चिंध्यांचा चेंडू. चेंडू दाबला की हा गृहस्थ ओरडे आणि सोडला की थांबे. शेजारी एक बारीक अंगाची बाई तसाच चेंडू मुठीत घेऊन खाली मान घालून बसली होती. मला पाहताच तिनं तोंड मिटलं.

“या बाई, घाबरू नोका,” ते म्हणाले. “व्यायाम चालू हाय. दुखनं हिचं हाय. मी आपला साथ देऊन राह्यलो.”

हे उकंडराव. कापडाच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागावरच्या पंधरा-वीस माणसांचा मुकादम. आणि ती त्यांची बायको गिरजाबाई. वय चाळिशीचं, पण तीन वर्षांपूर्वी तिची बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. तेलं झाली, काढे झाले, लेप झाले. शेवटी उकंडरावांनी तिला वर्ध्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि हेही सांगितलं की तो मुळातून जाणार नाही. पण सांधे हलते ठेवले नाहीत तर ते धरून बसतील. तिथल्या नर्सबाईंनी व्यायाम शिकवले. कोमट मेणात हात बुडवायचे, मग मूठ वळायची. भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायची. गुडघा वाकवायचा, सरळ करायचा. दुखेल, पण तेवढं सोसायचं. दोन तासांनंतरही दुखणं उतरलं नाही, तर मात्र दुसऱ्या दिवशी थोडं कमी करायचं.

हे सगळं उकंडरावांनी आपल्या भाषेत एका ओळीत बसवलं होतं : “ताना, पन तोडू नोका.” मागावरच्या धाग्याचा हा नियम ते सांध्यांना लावत आणि मग भेटेल त्यालाही लावत. आमच्या मुख्याध्यापिका एकदा माझ्याकडे आल्या, तर त्यांना त्यांनी ओट्यावरच उभं करून टाचा उचलायला लावल्या. किराणा घ्यायला गेले की दुकानदार तोलून देईपर्यंत ते भिंतीवरून बोटं चालवत. चुना ओला असला तरी चालवत. मेणात हात बुडवण्याच्या नादात एकदा त्यांनी मिशीला हात लावला. अर्धी मिशी कापावी लागली, म्हणून त्यांनी उरलेली अर्धीही कापली आणि पंधरा दिवस मिलमध्ये त्यांना कोणी ओळखेना.

बायकोला सांगितलेला प्रत्येक व्यायाम ते स्वतः करत, आणि प्रत्येक व्यायामाला ओरडत. गुडघ्याच्या व्यायामाला तर असे ओरडत की नवीन पोस्टमन पत्र खाली टाकून पळाला. लोक हसत. कोणी म्हणे, मिलच्या आवाजात राहून कान गेले आहेत त्यांचे, आपण केवढ्यानं बोलतो ते त्यांना कळत नाही. कोणी म्हणे, बायको एवढी आजारी आणि ह्याला नाटकं सुचतात. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे. गिरजाबाई बिचारी तोंडातून चकार शब्द काढत नसे, आणि हा धडधाकट माणूस तिचं दुखणं सगळ्या मोहल्ल्यात मिरवत होता.

गिरजाबाईंचे हात केसांपर्यंत पोचत नसत. वेणी उकंडराव घालत. मिलमध्ये तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सांधणारा हा माणूस तीन पेडांपुढे मात्र हार खाई. शेवटी तो मागावरची गाठ मारून मोकळा होई, आणि ती गाठ सोडवताना तिचे केस तुटत. म्हणून रविवारी मी तिची वेणी घालायला जाऊ लागले. एका रविवारी विंचरता विंचरता मी बोलून गेले, की तुमचे मालक जरा कमी ओरडले तर बरं होईल.

मग तिनं हळूहळू सांगितलं. व्यायाम सुरू झाले तेव्हा पहिल्या दिवशी तिला राहवलं नाही, ती किंचाळली. दुपारी विहिरीवरच्या बायका विचारायला आल्या की नवरा मारतो काय. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती तोंडात पदराचा बोळा धरू लागली. बोळ्यानं श्वास कोंडे, अंग ताठ होई आणि मग सांधे आणखीच दुखत. चार दिवसांनी तिनं सांगितलं, मले नाई कराचा हा व्यायाम.

“मंग हे माह्याजवळ येऊन बसले,” ती म्हणाली. “म्हनले, मी मोठ्यानं ओरडतो, तू त्याच्याखाली आपलं कन्हून घे. माहा आवाज लोकायले आयकू येईल, तुहा नाई येनार.”

माझा हात फणीवरच थांबला. तीन महिने मी त्या कुडाच्या अलीकडे राहत होते आणि तिचं कण्हणं मला एकदाही ऐकू आलं नव्हतं.

“पन त्यायले मात्र सारं समजते,” ती म्हणाली. मागांच्या खडखडाटात कानांचा उपयोग नसतो, तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. उकंडराव ओरडता ओरडता तिच्या ओठांकडे पाहत असत. आणि तिचे ओठ रोज एकच बोलत : माय, तुले पाहाचं हाय.

तिची माय समुद्रपूरच्या बाजूला एका खेड्यात होती. पंच्याहत्तरीची, नजर गेलेली. चार वर्षांत मायलेकींची भेट नव्हती. एकदा गिरजाबाई बैलगाडीनं निघाली, तर अर्ध्या रस्त्यातून परत आणावी लागली आणि पंधरा दिवस ती बाजेवरून उठली नाही. एकदा मोटरस्टँडवर गेली. सरकारी बसची पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर. पाय उचलेना. कंडक्टर आणि एक परका माणूस तिला उचलून आत ठेवायला पुढे झाले, तशी ती मागे फिरली.

ओठांवरचं ते वाक्य वाचल्यावर उकंडराव मोटरस्टँडवर गेले आणि उभ्या बसची पायरी सुतळीनं मोजून आले. ड्रायव्हरनं विचारलं, काय चाललं? म्हणाले, बायकोसाठी माप घेऊन राह्यलो. मग खोक्याच्या फळ्या ठोकून त्यांनी अंगणात तेवढ्याच उंचीची पायरी केली आणि धरायला बाजूला एक बांबू रोवला. आधी चार बोटं उंचीवर पाय, मग वीतभर. पावसाळाभर रोज सकाळी ती पायरी चढत होती. ज्या दिवशी जास्त सुजे त्या दिवशी उकंडराव स्वतःच पायरी भिंतीकडे उलटी करून ठेवत, म्हणजे तिनं हट्ट करू नये.

दिवाळीनंतर एका सकाळी ती पुऱ्या उंचीवर चढली. मी भिंतीपलीकडून ओळखलं, कारण उकंडराव एकदम गप्प झाले होते.

तिचा भाऊ न्यायला आला. उकंडरावांना गावाला जायला मिलमधून सुटी नव्हती, पण स्टँडवर त्यांच्यासकट आम्ही सगळे गेलो. तिनं दाराची दांडी बोटांनी नाही, मनगटात अडकवून धरली, नर्सबाईंनी शिकवली होती तशी. एक पाय वर घेतला आणि थांबली. चेहरा पांढरा झाला. मागे लोक खोळंबले होते. कोणी काही म्हणायच्या आत दुसरा पायही वर गेला. आत बसल्यावर तिनं खिडकीतून आमच्याकडे पाहिलं नाही. ती रस्त्याकडे पाहत होती, गावाच्या दिशेनं.

आठ दिवसांनी यायचं ठरलं होतं. आठव्या दिवशी भावाचं कार्ड आलं. ते मीच वाचून दाखवलं. माय तिचा हात सोडत नाही, रात्रंदिवस बोटं चाचपत बसते, आणखी थोडे दिवस राहू द्यावं. उकंडराव म्हणाले, “लिहा बाई, खुशाल राह्य म्हना. इकडे काई अडून नाई राह्यलं.” मी तसं लिहिलं.

पलीकडे आता सकाळी काहीच ऐकू येत नसे. चूल पेटल्याचा धूर तेवढा दिसे. एकदा मी डोकावले तर ते बाजेवर बसून माझी फणी हातात घेऊन पाहत होते. मी त्यांच्याकडे ती विसरले होते. त्यांनी ती पुसून परत दिली.

मग एक दिवस संध्याकाळी एका विद्यार्थिनीच्या घरून येताना मला ते मोटरस्टँडवर दिसले, मिलच्या कपड्यांतच, केसांत कापसाचा भुगा. समुद्रपूरची बस आली. सगळे उतरले. उकंडराव दारापाशी उभे राहून आत पाहत होते. मी जवळ गेले. आज येणार असं कळलं का, विचारलं.

“नाई. कवा येईल काई ठाव नाई.” ते त्या पायरीकडेच पाहत होते. “पन बाई, आमी चढाचं शिकलो. उतराचं शिकलोच नाई.”

घरी आल्यावर मी मोजलं. ती गेली त्याला सतरा दिवस झाले होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी मीही त्यांच्यासोबत जाऊ लागले. बाविसाव्या दिवशी ती आली, भावानं तिकडून बसवून दिलेली, एकटीच. सगळे उतरून गेल्यावर दारात उभी राहिली. तब्येत जरा सुधारलेली, पण गुडघे सुजलेले दिसत होते. तिनं खाली पाहिलं आणि दांडी घट्ट धरली. चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, सगळा भार एकाच गुडघ्यावर येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

उकंडरावांनी जमिनीवर एक गुडघा टेकला आणि दुसरी मांडी पायरीखाली पुढे केली.

“अवो, तुमाले पाय लागते माहा,” ती पुटपुटली. भर मोटरस्टँडवर, इतक्या लोकांदेखत, नवऱ्याच्या अंगावर पाय!

“ठेव,” ते म्हणाले.

तिनं आधी एक हात त्यांच्या डोक्यावर टेकला. मग पाय ठेवला. मग दुसरा जमिनीवर. धोतरावर तिच्या पायाची धूळ उमटली, ती उकंडरावांनी झटकली नाही.

थोडं चालल्यावर ती म्हणाली, “रोज येत होते काय तुमी?”

“नाई,” ते म्हणाले. “आजच सहज आलतो. मिल लवकर सुटली.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिचं बोचकं उचललं आणि पुढे चालू लागले.