लाल ठिपका

यंत्राचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, हे कुलगुरूंना प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी कळलं आणि ते उखडले.

“दिसत नाही? मग पाहुण्यांनी बघायचं काय? माझं तोंड?”

“सर, हा लेझर दिसणाऱ्यातला नाहीच,” संशोधक बाई म्हणाल्या. “पण चिघळलेली जखम त्यानं भरते.”

“जखमा पहिल्या रांगेत बसत नाहीत, बाई.”

प्रकल्प तिघांचा होता. पैसा कंपनीचा, रुग्ण इस्पितळाचे आणि विद्यापीठाचं काय, असं कंपनीचे साहेब अधूनमधून विचारायचे. यंत्र बाईंनी बनवलं होतं. पण बाई म्हणजे विद्यापीठ नव्हे, असं कुलगुरूंचं प्रामाणिक मत होतं. आज साहेबांचं समाधान झालं नाही तर यंत्राला कुलूप लागणार होतं. पहिला रुग्ण होते बाईंचे वडील, अण्णा. मधुमेहामुळे त्यांच्या टाचेची जखम काही केल्या भरत नव्हती आणि इस्पितळाचे सर्जन पाऊल कापायची भाषा करू लागले होते. बाईंना काळजी होती ती त्या पावलाची.

कुलगुरूंनी खिशातून भाषणात वापरायचा लाल पॉइंटर काढला आणि चिकटपट्टीने यंत्राच्या तोंडावर बसवला. “आता कसं! लेझर वाटतोय.”

पाहुणे खोलीत मावेनात. मागच्या खुर्च्या दारात आल्या. दार उघडं असलं की यंत्र आपोआप बंद पडे. कुणाच्या डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून बाईंनीच ती सोय केली होती.

“सर, दार लावायला हवं. यंत्र बंद पडलंय.”

“पाहुण्यांच्या तोंडावर दार लावू? लाल दिसतंय ना? झालं तर मग.”

टाचेवर लाल ठिपका पडला. टाळ्या पडल्या. सर्जन वाकून म्हणाले, “काय अण्णा, कसं वाटतंय?”

अण्णांनी लेकीचा उतरलेला चेहरा पाहिला. आपण गप्प बसलो तर पोरीची लाज जाईल, एवढंच त्यांना कळलं.

“वा! ठणका एकदम गेला,” ते म्हणाले. शिवाय उठून चार पावलं चालूनही दाखवलं.

“अहो, यंत्र बंद होतं!” बाई ओरडल्या. “तो साधा पॉइंटर आहे!”

साहेबांनी आधी ते अवजड यंत्र पाहिलं, मग तो बोटाएवढा पॉइंटर. त्यांचे डोळे चमकले.

“म्हणजे एवढ्यानंच गुण येतो? हा कुणाचा?”

“विद्यापीठाचा,” कुलगुरू छाती काढून म्हणाले.

“डॉक्टर, तुम्ही तरी सांगा ना!” बाई सर्जनना म्हणाल्या.

“मी काय सांगू?” सर्जन हसले. “हातच्या काकणाला आरसा कशाला? पेशंट समोर चालला.”

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. त्यांना भर सभेत खोटं पाडायचं तरी कसं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. करारावर सह्या झाल्या. पॉइंटर कंपनी बनवणार, इस्पितळ वापरणार आणि विद्यापीठाला शोधाचा मान. यंत्र अडगळीच्या खोलीत ठेवायचं ठरलं, कारण त्याची जागा आता पाहुण्यांच्या चहाला हवी होती.

खोली रिकामी झाल्यावर अण्णा हळूच म्हणाले, “तुझ्यासाठी बोललो गं. ठणका आहे तसाच आहे.”

“मला माहीत आहे.”

“मग आता खरं मशीन कधी लावायचं?”

बाईंना रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. पण तो काढायला समोर फक्त अण्णाच उरले होते.

“ते बऱ्या न झालेल्यांसाठी असतं, अण्णा. तुम्ही बरे झालात. सगळ्यांनी पाहिलं.”

अण्णांनी मान डोलावली. दारात अजून दोन पाहुणे गप्पा मारत उभे होते. त्यांच्यासमोरून जाताना ते ताठ चालले; मग वळणापलीकडे भिंत धरून लंगडत जिना उतरू लागले.