पुस्तकावरचं नाव

उमसुनाईनं त्या पुस्तकाला कव्हर घातलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

वरच्या मजल्यावर हिवाळाभर भाड्यानं राहिलेली, बर्फावर घसरायला आलेली एक मुलगी जाताना ते पुस्तक जिन्यातल्या खिडकीत ठेवून गेली होती. मुखपृष्ठ गायब, पुढची पानं फाटलेली. कादंबरीचं नाव काय, लिहिली कोणी, कशाचाच पत्ता नाही. उमसुनाईनं ते उचललं, कारण तिच्याकडे वेळच वेळ होता. काराकोल गावच्या बालवाडीतून निवृत्त झालेली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी चोल्पोन लग्न करून दूर नोवोसिबिर्स्कला. तिचा रविवारी फोन यायचा. "जेवलीस? गोळी घेतलीस? बरं, ठेवते, पोरगं रडतंय." मग पुढच्या रविवारपर्यंत घरात फ्रिज काय तो बोलायचा.

पुस्तक भयंकर होतं. त्यातली एक आई तान्ह्या मुलीला बाबागाडीत घालते, पावाच्या दुकानाबाहेर उभी करते आणि बसमध्ये बसून निघून जाते. नदीकाठी जाऊन आइस्क्रीम खाते. संध्याकाळी परत येते, तर गाडी तिथंच, मूल झोपलेलं. कोणाला काही कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते आइस्क्रीम तिला गोड लागतं.

उमसुनाईनं ते वाचलं, परत वाचलं. तिला कोणाशी तरी बोलायचं होतं. म्हणून तिनं ते तळमजल्यावरच्या क्लाराला द्यायचं ठरवलं. क्लाराचं केस कापायचं दुकान होतं. पण दिलेली पुस्तकं परत येत नाहीत, हा अनुभव. बालवाडीत तिनं टॉवेलांवर, पेल्यांवर, चमच्यांवर नावं घालण्यात जन्म घालवलेला. तिनं खाकी कागदाचं झकास कव्हर घातलं आणि त्यावर मधोमध, ठसठशीत अक्षरात लिहिलं: उमसुनाई. खाली घरचा फोन नंबर.

"वाच आणि मला सांग कसं वाटलं ते," ती क्लाराला म्हणाली. "चहाला ये मग."

क्लारानं ते गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावता लावता उघडलं. आई बसमध्ये चढली तेव्हा रंग धुवायची वेळ झाली होती. आई परत आली तेव्हा गिऱ्हाइकाचं डोकं गाजरासारखं झालं होतं.

"एवढं आहे तरी काय त्यात?" गाजर ओरडलं. क्लारानं भरपाई म्हणून पुस्तकच तिच्या हातात ठेवलं. गाजरानं ते नणंदेला दिलं, नणंदेनं दाताच्या डॉक्टरणीला, आणि डॉक्टरणीच्या बाकावरून ते कुठं गेलं ते कोणालाच सांगता येईना.

मग फोन वाजला. मंगळवारी! उमसुनाई दचकलीच.

"तुम्हीच का त्या... पुस्तकवाल्या?" एक बाई कुजबुजत होती.

"हो, माझंच आहे ते," उमसुनाई आनंदानं म्हणाली. "मिळालं का?"

"मिळालं. काल वाचून संपवलं." बाईनं आवाज आणखी खाली आणला. "मी पण एकदा गेले होते हो. नदीवर नाही, शेजारच्या गावात. पोरगी घरात एकटी. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

"अहो, पण मी ते लिहिलेलं नाही!"

"समजलं, समजलं. असं म्हणावंच लागत असेल तुम्हाला."

उमसुनाई तडक खाली गेली. "क्लारा, तू तरी सांग लोकांना!"

"म्हणजे तू नाही लिहिलंस?" क्लाराची कात्री हवेतच थांबली. "तूच म्हणालीस ना, वाच आणि सांग कसं वाटलं? असं लेखकच विचारतात! मी म्हटलं, चहाला कुठल्या तोंडानं जायचं? खरं सांगावं तर झोप उडाली होती माझी."

"म्हणून आली नाहीस होय!"

फोन येतच राहिले. काही जणी शिव्या देत. "आमची पोरं तुमच्या मांडीवर वाढली, आणि तुमच्या मनात हे!" बालवाडीच्या जुन्या मोठ्या बाई सातिमबूबू तर काठी टेकत घरीच आल्या.

"शाळेचं नाव घालवलंस, उमसुनाई!"

"मोठ्या बाई, देवाशप्पथ, मी फक्त कव्हर घातलं."

"कव्हरवर नाव कोण स्वतःचं घालतं? लेखकच ना?" त्यांनी जर्दाळूच्या मुरांब्याबरोबर तीन वेळा चहा घेतला, कोट चढवला आणि दारातून मागं वळून हळूच विचारलं, "कुठली बस होती गं ती?"

त्यानंतर उमसुनाईनं नाही म्हणायचं सोडून दिलं. नाही म्हटलं की बायका फोन ठेवत. हो म्हटलं की बोलत. ती खुर्ची ओढून फोनपाशी बसायची, बालवाडीतल्या आवाजात म्हणायची, "रडा, रडून घ्या," आणि कोण कुठल्या बायकांची दुःखं ऐकत चहा गार करायची. स्वतःबद्दल तिला कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना वाटे, ते त्यांनी वाचलेलंच आहे.

आणि मग एका बुधवारी चोल्पोनचा फोन आला. तिच्या वर्गमैत्रिणीनं कव्हरचा आणि काही पानांचा फोटो तिला पाठवला होता.

"आई, लाल टोपी कोणाची गं?"

"कसली टोपी?"

"त्या गाडीतल्या पोरीला लाल टोपी आहे. मला लाल टोपी होती."

"अगं, तेव्हा दुकानात लालच मिळायची. अख्ख्या गल्लीला होती."

"फोनवर नको. मी येतेय."

शनिवारी ती खरंच आली, एक छोटी बॅग घेऊन, एकटी. पोरगं बापाजवळ ठेवलं होतं. उमसुनाईनं दोन दिवस राबून कणकेचे बोर्सोक तळले होते, लगमानच्या जाड शेवयांचा रस्सा केला होता. चोल्पोननं कोटही न काढता विचारलं, "आता सांग."

उमसुनाईनं सगळं सांगितलं. जिन्यातली खिडकी, खाकी कागद, क्लारा, गाजर. मुलगी हसेल, हुश्श करेल, असं तिला वाटलं होतं. चोल्पोनचा चेहराच उतरला.

"म्हणजे तू नाही लिहिलंस."

"नाही गं बाई."

"तुला असं कधी वाटलंच नाही."

हा प्रश्न होता की काय होतं ते उमसुनाईला कळलं नाही. तिनं आईनं द्यावं तसं उत्तर दिलं. "छे! तू तर माझं सोनं. तुझ्यावाचून मला एक क्षण करमायचं नाही."

"बरं," चोल्पोन म्हणाली, दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशीही ती गप्पच होती. उमसुनाई रस्सा गरम करत राहिली. घरात दोन माणसं होती आणि फ्रिजचाच आवाज येत होता.

दुपारी फोन वाजला तेव्हा उमसुनाई न्हाणीघरात होती. चोल्पोननं उचलला. आता नाही म्हणून सांगेल, मग संपलंच सगळं, असं मनात म्हणत उमसुनाईनं नळ बंद केला.

"हो," बाहेरून आवाज आला. "हो, उमसुनाईच बोलतेय."

उमसुनाई ओल्या हातांनी दाराला कान लावून उभी राहिली.

"नाही, बस नव्हे. मी विमानानं आले... दोन वर्षांचा आहे. झोपला होता तो. नवऱ्याला सांगितलं, आईचं प्रकरण निस्तरून येते... परतीचं? काढलं नाही अजून तिकीट." मग बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. "आईशी? तिच्याशी काय बोलणार? तिला असं कधी वाटलंच नाही. विचारलं मी."

उमसुनाई बाहेर आली तेव्हा चोल्पोन खिडकीशी उभी होती.

"कोण होतं गं?"

"राँग नंबर."

"इतका वेळ?"

"फारच चुकला होता नंबर."

उमसुनाईनं डोक्याला रुमाल बांधला. "पाव घेऊन येते," असं म्हणून ती जिना उतरली आणि क्लाराच्या दुकानात शिरली. "तुझा फोन दे. आणि ते घरघरणारं बंद कर."

"अगं, बाईचे केस ओले आहेत!"

"वाळतील आपोआप."

तिनं स्वतःच्याच घरचा नंबर लावला. तोंडावर रुमालाचं टोक धरलं. वर घंटा वाजल्याचं तिला छतातून ऐकू आलं.

"हॅलो?"

"तुम्हीच का," उमसुनाईनं आवाज जाड केला, "पुस्तक लिहिलेल्या?"

या आवाजावर काराकोलची अर्धी पोरं दुपारची झोपली होती. रुमालानं तो काय लपणार!

"हो," चोल्पोन म्हणाली. "बोला, काकू."

"तुम्ही मला ओळखत नाही. मी बालवाडीत होते. संध्याकाळी सगळ्या पोरांना न्यायला कोणी ना कोणी यायचं. शेवटी माझी पोरगी एकटी उरायची, बूट घालून बाकावर. मी तिच्याकडे जायच्याऐवजी चादरींच्या खोलीत जायचे. इस्त्रीच्या गरम चादरी असायच्या. दार लावून त्यांच्यात बसून राहायचे. दिवसभर शंभरदा बाई, बाई ऐकलेलं असायचं. वाटायचं, आता आणखी थोडा वेळ कोणी आई म्हणू नये." तिनं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "रोज नाही. पण पुष्कळदा. आणि मला तिथं बरं वाटायचं."

क्लारा कंगवा धरून उभी होती. ओल्या केसांची बाई आरशातून बघत होती.

"त्या मुलीला माहीत होतं, काकू," फोनमधून आवाज आला. "ती बुटाच्या नाड्या सोडायची आणि परत बांधायची. पुन्हा सोडायची. तुम्हाला घाई होऊ नये म्हणून."

उमसुनाईच्या तोंडावरचा रुमाल केव्हाच खाली आला होता.

"आता मी सांगू?" चोल्पोननं विचारलं.

"सांग," उमसुनाई म्हणाली. 'सांगा' म्हणायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.