भोकमुक्त गुहा

एका जंगलात एक लांबलचक गुहा होती, बाळांनो, आणि तिचं सरकारी नाव होतं 'फाईल'. हसताय काय? जंगलाला काय कचेरी नसते?

गुहेत भिंतभर कोनाडे होते, घरटी एक. त्यात पावसाळ्याची बेगमी ठेवायची. बरेचसे कोनाडे रिकामेच असत. रिकाम्या कोनाड्याला 'भोक' म्हणत. आलेला माल कोनाड्यात ठेवायचं आणि कुठे माल, कुठे भोक, हे सांगायचं काम सुस्तेराव अजगराचं. सगळे त्याला अदबीनं 'सिस्टीमसाहेब' म्हणत.

यंदा गुहा गळू लागली. सिंहमहाराजांनी हुकूम सोडला, "सगळा माल वरच्या गुहेत न्या!"

नेणार खारी. खारी भारी हुशार! रिकामं कशाला वाहायचं? प्रत्येक कोनाड्यापाशी त्या विचारायच्या, "साहेब, माल की भोक?" भोक म्हटलं की पुढे.

साळूबाई साळिंदर वरच्या गुहेत गेली, तर तिचा कोनाडा रिकामा ठणठणीत. घरी दोन पिल्लं, पावसाळा तोंडावर. बिचारी धाय मोकलून रडली.

"अहो सुस्तेराव, मी माझ्या हातानं कंद दिले की तुम्हाला!"

"बाई, खारीनं विचारलं तेव्हा तिथे भोकच होतं. मी खोटं बोलत नाही. मागाहून कंद सापडले खरे, पण बेवारस म्हणून ओढ्यात टाकले."

अशा घोळाला कचेरीत 'बग', म्हणजे किडा, म्हणत. तो शोधायला खवल्या मांजराला नेमलं. लायकी काय, तर घराण्यात पूर्वापार किडे खातात. पण खवल्या मनाचा चांगला. साळूबाईचं रडणं त्याला बघवेना.

त्यानं तिला आणखी कंद आणायला लावले, अजगराकडे द्यायला लावले आणि स्वतः तपासायला निघाला. चालताना त्याचे खवले खळखळ वाजायचे. खळखळ ऐकली की अजगर लगबगीनं कंद कोनाड्यात ठेवायचा. खार विचारायची, अजगर म्हणायचा, "माल!" सगळं बरोबर. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. खवल्याचं डोकं भणभणलं.

शेवटी तो कोपऱ्यात अंगाचा गोळा करून, श्वास रोखून पडून राहिला. साळूबाई कंद देऊन गेली. अजगरानं ते वेटोळ्यात घेतले. "ठेवू सावकाश," असं म्हणून त्यानं जांभई दिली. तेवढ्यात खार आली.

"माल की भोक?"

अजगरानं कोनाड्यात डोकावलं. "भोक."

खवल्या ताडकन उठला. "अहो, माल तुमच्या कुशीत आहे!"

"कुशीत आहे, कोनाड्यात नाही. तिनं कोनाड्याचं विचारलं."

प्रकरण दरबारात गेलं. खवल्या म्हणाला, "महाराज, सोपं आहे. आधी कुशीतलं कोनाड्यात ठेवायचं, मग उत्तर द्यायचं."

"म्हणजे मी दरवेळी हलायचं?" अजगरानं विचारलं.

दरबारानं कानांवर हात ठेवले. मग अजगरानंच तोड काढली. "आजपासून मी कुठेच भोक सांगणार नाही. सगळीकडे माल!"

"वा! भोकमुक्त फाईल!" महाराजांनी तिथल्या तिथे त्याच्या गळ्यात हार घातला.

आता माल म्हटलं की न्यायलाच हवा. खारी रिकाम्या कोनाड्यातलं रिकामपण मडक्यात भरायच्या, तोंड घट्ट बांधायच्या आणि वर नेऊन रचायच्या. वरची गुहा दारापर्यंत भरली. साळूबाई उरलेसुरले कंद घेऊन आली, तर खार म्हणाली, "जागा नाही. फुल्ल!"

"अगं, एवढ्या मडक्यांत आहे तरी काय?"

"साहेब म्हणतात, माल."

खवल्याचा संताप अनावर झाला. त्यानं एक मडकं घेतलं आणि दणकन आपटलं. आत काही नव्हतं.

सरकारी माल सांडल्याबद्दल त्याला जंगलातून हाकललं. बाहेर झड लागली. साळूबाईचे कंद गुहेच्या दारात कुजले आणि पिल्लं बांधलेल्या मडक्यांकडे बघत बसली.

तात्पर्य: बाळांनो, भोक शोधणारा शेवटी मडकंच फोडतो, त्याच्या नादी लागू नये. विचारलं की सगळं भरलंय म्हणावं. पिल्लांच्या पोटांचा प्रश्नच येत नाही. ती कोनाड्यांत मोडत नाहीत.