या एकदा जेवायला

चूक माझीच. शेजारच्या मोहनभाऊंना फाटकापाशी मी म्हणालो, "या एकदा जेवायला."

"कधी?"

"या हो, कधीही."

"कधीही म्हणजे कुठल्या वारी?"

असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. गोंधळून मी 'बुधवारी' म्हणालो. बुधवारी भरदुपारी भाऊ हात धुऊन हजर!

मोहनभाऊ एसटी स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. "जन्मभर माइकवर 'दापोली गाडी थोड्याच वेळात सुटेल' म्हणालो. गाडी डेपोतनं निघालेलीच नसायची. शेवटी लोकं माझ्याकडे बघेनाशी झाली रे. आता फुकट शब्द काढायचा नाही, नि दुसऱ्याचाही फुकट जाऊ द्यायचा नाही."

दुसऱ्याचा म्हणजे बहुतेक माझाच. "बरं आहे ना?" विचारलं की गुडघ्यापासून सुरुवात. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की लगेच नारळ सोलायला बोलावणं. आमच्याकडे पाहुणे आमटीला 'अप्रतिम' म्हणाले, तर भाऊ म्हणतात, "मग परत का नाही घेतलीत?"

परवाच्या रविवारी सासरची मंडळी जेवायला बसत होती आणि भाऊ दारात! आदल्या दिवशी सवयीने मी पुन्हा 'या जेवायला' बोलून गेलो होतो. माझा तोल सुटला.

"अहो भाऊ, म्हणायची पद्धत असते ती! लगेच यायचं नसतं!"

"असं होय," म्हणाले, आणि काढलेल्या चपला त्यांनी परत पायात घातल्या.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "गेल्या आठवड्यात भाऊंनी तुम्हाला घावण्यांना बोलावलं होतं. गेला होतात ना?"

"नाही बुवा. 'येतो हां' म्हणालो असेन."

ती म्हणाली, "वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी घावणे घातले. स्वतः तांदूळ वाटले, नारळाचा रस काढला. दुपारी मी डोकावले तर दोन ताटं मांडून बसलेले. म्हणाले, 'येईल, येतो म्हणालाय.' मला वाटलं, उशिरा का होईना, गेलात."

शब्दाशब्दाला मला धरणारा माणूस याबद्दल मात्र अवाक्षर बोलला नव्हता.

मी तसाच उठून गेलो. भाऊ पडवीत एकटेच बसले होते. 'सॉरी' ओठांवर आलं होतं, पण तोही फुकटचाच शब्द, म्हणून गिळलं.

"भाऊ, तुम्ही ताट मांडून बसलात नि मी आलो नाही. आज तुम्ही आलात, तर मी दारातनं परत धाडलं. माझं चुकलं."